तीन फुटांची गॅलरी

साक्षी मॅडमनी गादीच्या फोमचा हातभर तुकडा टेबलाच्या कडेवर ठेवला, अर्धा बाहेर. कडेपाशी वरून ब्लेडने एक चीर दिली, आतलं टोक धरून बाहेरच्या टोकावर बोट दाबलं. चिरेने लगेच तोंड उघडलं.

"भिंतीबाहेर काढलेल्या गॅलरीचं हेच होतं," त्या म्हणाल्या. "ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई वर. खाली टाकली तर असून नसल्यासारखी."

नवीन जालन्यात स्टेशनजवळ दर रविवारी बांधकामवाल्यांसाठी डिझाइन आणि नकाशांचा वर्ग भरतो. आम्ही सगळे मिस्तरी, सेंट्रिंगवाले, छोटे ठेकेदार. मी राजानंद, पंचवीस वर्षं थापी धरलेला. पोरीच्या वयाच्या बाईकडून काय शिकायचं, म्हणून नाक मुरडतच नाव घातलं होतं, तेही सर्टिफिकेटसाठी. पण ती चीर बघून मी बाकावर पुढे सरकलो.

मी गॅलरीची सळई कायम खालीच टाकत आलो. वजन वरून येतं तर आधार खालून द्यायचा, हे उस्तादाने शिकवलं आणि मी कधी विचारलं नाही. घराच्या स्लॅबला ते बराबर लागू पडतं. गॅलरी म्हणजे त्याच स्लॅबचं तीन फुटांचं शेपूट, एवढीच माझी अक्कल.

"मॅडम, मंग ती पडत का न्हाई?" मी विचारलं.

"रिकामी असेल तर राहील उभी. माणसं दाटीने उभी राहिली की पडते, आणि सांगून पडत नाही. भिंतीच्या मुळाशी वरून बारीक चीर दिसली, तर समजा सुरुवात झाली."

चीर मी पाहिली होती. मागच्या महिन्यात धावड्याला बहिणीकडे गेलो तेव्हा दीपमालाने, आमच्या दीपाने, गॅलरीत नेऊन दाखवली होती, अगदी भिंतीच्या मुळाशी. मी हसलो होतो. पांढरं सिमेंट भर म्हणालो होतो. तिचं घर मीच बांधलं, आणि ते बघूनच त्या गल्लीत मला पुढचं काम मिळालं.

आज धावड्यात भीमजयंतीची मिरवणूक होती. नव्या घराची ही पहिलीच जयंती. "यंदा फुलं माझ्या गॅलरीतून," असं दीपाने फोनवर चारदा ऐकवलं होतं. मिरवणूक चार वाजता तिच्या दारावर येणार होती.

मी वही तशीच टाकून उठलो. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. दाजींचा बंद. मोटारसायकलला किक मारली. भोकरदनपर्यंत सहा वेळा थांबून फोन लावला. त्या रस्त्यावर मी किती खड्डे चुकवले, आठवत नाही. डोळ्यांपुढे फक्त ती चीर होती.

गल्लीच्या तोंडाशी गाडी टाकली आणि पळालो. डीजे वळणावर आला होता. गॅलरीत पंधरा-वीस बाया, हातात पाकळ्यांच्या परड्या. बरोबर खाली सरबताचं टेबल आणि पोरांची रांग. जिना चढून दारापर्यंत गेलो, पण गॅलरीत पाऊल टाकायची माझी हिंमत झाली नाही. मीच बांधलेली, तरी.

"दादा! तू कसा काय आला? क्लास न्हाई का?" दीपा हरखली.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. यांच्यातल्या निम्म्या जणींना माझ्याकडूनच घर बांधून घ्यायचं होतं. खरं माझ्या तोंडातून निघेना.

"रेलिंगला करंट उतरलाय!" मी ओरडलो. "खाली चला, जल्दी!"

किंचाळत सगळ्या जिन्याकडे पळाल्या. मी खिडकीतून ओरडून टेबल हलवायला लावलं, पोरं पांगली. गॅलरीचं दार लावून कडी घातली आणि भिंतीला टेकून बसलो. जीव भांड्यात पडला.

दीपा मात्र खाली गेली नाही, आतच थांबली. "दादा, लाइट तर सकाळपासून न्हाई. करंट कुठून आला?"

मग सांगितलं. फोम, चीर, सळई, सगळं. तिने खिडकीतून समोर पाहिलं. शेवटी हळूच विचारलं, "मंग समोर कचरूभाऊची? तीबी तूच बांधली ना?"

मी खिडकीशी गेलो. माझ्या धाकाने उतरलेल्या बाया परड्या सांभाळत समोर चढल्या होत्या. कचरूभाऊच्या घरच्या आधीच तिथे होत्या. आता कठड्याला रेलायलाही जागा नव्हती. खाली मिरवणूक गल्लीत शिरली होती.

मी हाका मारल्या. डीजेपुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. हात हलवले, तर समोरून बायांनीही हसून हात हलवले.

जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आलो. गर्दीतून त्या घराचं दार गाठणं शक्य नव्हतं. डीजेची गाडी मात्र हाताशी होती. वर चढून डीजेवाल्या वसंताच्या हातातला माइक हिसकला आणि गाणं बंद करायला लावलं. सगळी गल्ली गप्प झाली. सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

"जय भीम," मी म्हणालो. "मी राजानंद मिस्तरी. ह्या दोन्ही गॅलऱ्या मी चुकीच्या बांधल्या. करंट न्हाई, मी खोटं बोललो. खालची माणसं आधी बाजूला व्हा. आयांनो, एकेक करून आत जा, पळू नका."

कचरूभाऊच्या गॅलरीतून चिरेत भरलेल्या पांढऱ्या सिमेंटचा एक तुकडा पाकळ्यांबरोबर खाली पडला.