त्याचा काटा

"आज नाही तर उद्या, त्याचा काटा काढावाच लागणार!"

फोनमधून आवाज आला आणि आरोपीच्या पिंजऱ्यात घड्याळजींनी कपाळावर हात मारला. आवाज त्यांचाच, नाही कसं म्हणणार! साडूला दुकानाच्या जिन्यावरून ढकलून जीव घ्यायला निघाल्याचा त्यांच्यावर आरोप, आणि पुरावा काय, तर हे एक वाक्य. साडूला खोडच होती ती. कुठेही गेला की खिशातल्या फोनवर गुपचूप रेकॉर्डिंग चालू. घरात सगळे त्याला 'टेप'च म्हणत. दुकानात गप्पा मारताना हे रेकॉर्ड केलं, पुढे स्वतःच्या कर्मानं जिन्यावर घसरून पाय मोडला, आणि मग याला बरोब्बर हे वाक्य आठवलं.

"अहो, तो घड्याळाचा काटा!" घड्याळजी पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगत होते. फौजदार पोट धरधरून हसले होते.

घड्याळजींच्या वकीलबाई उठल्या. "हे चोरून केलेलं रेकॉर्डिंग आहे. पुरावा म्हणून धरू नये."

"चोरून केलं एवढ्यावरून ते बाद होत नाही," न्यायाधीश म्हणाले. "मूळ फोन समोर आहे, आवाज आरोपीला मान्य आहे."

"मग नुसता तुकडा नको. अख्खं लावा!"

घड्याळजी वाकून कुजबुजले, "बाई, अख्खं नको! मागच्या बाकावर ही बसलीय."

"तुरुंगात जायचंय का?" वकीलबाईंनी डोळे वटारले.

झालं, अख्खं लागलं. आधी टिकटिक, मग 'टेप' साडूचा आवाज: "या भिंतीवरच्या घड्याळाला झालंय काय?" त्यावर घड्याळजी: "मोठा काटा वाकून अडकतोय. आज नाही तर उद्या, त्याचा काटा काढावाच लागणार!"

कोर्टात हशा पिकला. सरकारी वकिलांनी कागदात तोंड खुपसलं. पण फोन थांबतोय कुठला!

"आणि आमच्या मेव्हणीबाई काय म्हणतायत?"

"तिचं काय! घड्याळाला निदान चावी द्यावी लागते. ही न देताच सुरू होते, आणि बंद करायची सोय नाही. डोकं उठलंय माझं!"

आता शिपाईसुद्धा खो खो हसायला लागला. हसत नव्हती ती एकटी बायको. बिचारी दर तारखेला येऊन, माझा नवरा मुंगीही मारणार नाही, असं भेटेल त्याला सांगत होती.

"पुरे, बंद करा," न्यायाधीश म्हणाले. "ज्या वाक्यावर खटला उभा होता, तेच पडलं. आरोपी निर्दोष."

"बंद नका करू साहेब!" घड्याळजी ओरडले. "अख्खं लावायचं ठरलं होतं! पुढे मी चांगलं बोललोय!"

"त्याचा खटल्याशी संबंध नाही."

"अहो, माझ्या संसाराशी आहे ना!"

बायको उभी राहिली. "मग तोंडानं सांगा की. त्याला फोन कशाला हवा?"

एवढ्या माणसांसमोर घड्याळजींचे कान लाल झाले.

"तू माहेरी गेलीस ना, की दुकानातली सगळी घड्याळं चालू असतात, पण माझा वेळ जात नाही. करमतच नाही गं मला तुझ्याशिवाय."

कुणीच हसलं नाही. बायकोनं डोळे पुसले आणि तरातरा चालत कोर्टाच्या टायपिस्टबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"ताई, एवढं नीट घ्या. आणि शिक्का मारून एक प्रत मला द्या."