निर्जन होण्याचे कारण

लोकसंख्या

"शून्य? नीट बघितलंस का?" साहेबांनी विचारले.

"बघितलं, साहेब."

"मग शून्य तर शून्य. त्याला एवढा घाम कशाला फुटतोय? पाच वाजता पुस्तक छापायला गेलं पाहिजे."

जिल्ह्याचे माहितीपुस्तक दर दहा वर्षांनी निघे. भूगोल, लोकसंख्या, इतिहास. मागची तीन पुस्तके याच माणसाच्या हातून गेली होती. कुठले गाव कुठून किती लांब हे त्याला तोंडपाठ, म्हणून कचेरीत त्याला आधी 'मैलाचा दगड' म्हणत. मग तेवढेही म्हणायचा कंटाळा येऊन नुसते 'दगडोबा'.

हे शून्य त्याच्या स्वतःच्या गावापुढे पडले होते.

त्या गावात एकच माणूस उरले होते, आणि ते माणूस तीन महिन्यांपासून त्याच्या घरी, खिडकीजवळच्या खाटेवर होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यानेच आईला आणले होते. जनगणनेचा मोजणीवाला दारात आला तेव्हा आईच्या डोळ्यांवर पट्टी होती. "सासूबाई ना? इथंच असतात," असे बायकोने सांगितले. इथे एक वाढला, तिथे शून्य झाले.

भूगोल

उत्तरेला टेकडी, तिच्यात बंद पडलेली दगडाची खाण. पूर्वेला ओढा. बस आठवड्यातून दोनदा, शेवटचा थांबा.

तो उठला. पाणी प्यायला. परत बसला, परत उठला.

"दगडोबा, खुर्चीला खिळा आहे का?" संगणकावर बसणाऱ्या बाईंनी विचारले.

"नाही हो."

"मग बसा ना. तुमच्या येरझाऱ्यांनी माझे आकडे हलतात."

शून्य वस्तीचे गाव एकदा पुस्तकात निर्जन म्हणून गेले की काय काय जाते, ते त्याच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. आधी बस. मग रस्त्याची डागडुजी. मग वीजवाले तार गुंडाळून नेतात. आईला परत जायचे म्हटले तरी जाता येणार नाही.

आणि त्याला तेच हवे होते. ती एकटी तिथे पडली-झडली तर कळणारसुद्धा नाही कुणाला. दहा वर्षे त्याने विनवण्या केल्या. आता नियमच त्याच्या बाजूने उभा राहिला होता, तर याच्या पायाला भिंगरी का लागावी?

इतिहास

खाण चालू होती तेव्हा तीनशे बारा. त्या तीनशे बारांत एक तो, रांगणारा. मग दगड संपला. एकशे चाळीस. एक्केचाळीस. सहा. मग आई.

पहिल्या पुस्तकाच्या वेळी एकशे चाळीस हा आकडा त्यानेच लिहिला होता, आणि लिहिताना त्यातल्या प्रत्येकाचा चेहरा डोळ्यांपुढे आला होता.

काल जेवताना आईने विषय काढला होता.

"मला तुझ्या घरात लिहिलंय म्हणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"डोळ्यांवर पट्टी होती रे, कानांवर नव्हती."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"सूनबाई किती मायेनं सांगत होती! परक्या माणसापुढं तिला तोंडघशी पाडू होय?" आईने ताट बाजूला सारले. "तुमच्यात चूक दुरुस्त करायचा कागद नसतो का?"

"नसतो, आई. एकदा लिहिलं की लिहिलं."

आई नव्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिली. त्यालाच खाली बघावे लागले.

कागद होता. त्याच्याच टेबलाच्या दुसऱ्या खणात, वीसेक प्रती. दवाखान्यासाठी वा लग्नकार्यासाठी घराबाहेर असलेले माणूस त्याच्या मूळ गावी मोजून घेता येते. फक्त ज्याच्या घरी ते लिहिले गेले, त्याने तसे सही करून द्यायचे. पुस्तक छापायला जाण्याआधी. म्हणजे आज, पाचच्या आत.

लोकसंख्या (पुन्हा)

निर्जन गावांचा तक्ता शेवटच्या पानावर असतो. गावाचे नाव, क्षेत्रफळ, निर्जन होण्याचे कारण. त्याच्या आधी चार गावे होती. धरण. धरण. पूर. साथ.

पाचव्या ओळीत त्याने नाव आणि क्षेत्रफळ लिहिले. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबले.

"काय घालू हो बाई? दगड संपला?"

"दगड संपून चाळीस वर्षं झाली म्हणता ना? मग चाळीस वर्षं तिथं कोण राहत होतं?" बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "खरं कारण घाला. डोळ्याचं ऑपरेशन!" आणि आपल्याच विनोदावर खुदकन हसल्या.

तो हसला नाही. पेन ठेवून त्याने पेन्सिल घेतली आणि रकान्यात बारीक अक्षरात लिहिले: मुलाने नेले.

वाचले. धरण, धरण, पूर, साथ, मुलाने नेले.

चार वाजून दहा मिनिटे झाली होती. त्याने रबर शोधले. सापडले नाही. बाईंचे मागून आणले आणि नुसते कारण नव्हे, पेनाने लिहिलेली सगळी ओळच खोडू लागला. कागद फाटला. मग दुसरा खण उघडला.

दुरुस्ती

'वर उल्लेखिलेली व्यक्ती माझ्या कुटुंबासोबत राहत नाही.' हे छापीलच होते, त्याला फक्त खाली सही करायची होती. नाते: मुलगा. सही पहिल्यांदा इतकी वेडीवाकडी आली, की त्याने दुसरा कागद घेतला.

मग घरी फोन लावला.

"आई, कागद सापडला."

"कुठं होता?"

"माझ्याच खणात."

"हं," आई म्हणाली. तेवढ्यावर तिने त्याला सोडून दिले. "बसचा वार बदलला तर नाही ना?"

"नाही. परवाच आहे."

"बरं. उगीच उपाशी काम करू नकोस."

साहेबांनी कागदावर शिक्का मारला. "एका म्हातारीसाठी सगळा तक्ता बदलायचा! दगडोबा, तू म्हणजे ना!"

घरे एक. पुरुष शून्य. स्त्रिया एक. एकूण एक.

आता वरच्या बेरजा. त्याच्या घरात चार होते, तिथे तीन केले. शहराच्या आकड्यातून एक काढला. गावाच्या तालुक्यात एक मिळवला. बाई आकडे भरत होत्या, तो बोटाने ओळ दाखवत होता.

"आणि जिल्ह्याची एकूण?" त्यांनी विचारले.

त्याने बोट खाली नेले, शेवटच्या आकड्यावर टेकवले आणि जरा वेळ तिथेच ठेवले.

"ती आहे तशीच राहते," तो म्हणाला.