दोन विहिरींमधलं अंतर

धर्मपाल अमरावतीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. १९६५ साली त्यानं मूर्तिजापूरकडच्या खेड्यांतल्या अठराशे घरांची पाहणी पुरी केली. दोन वर्षं सायकलवर गेली. जमीन किती, खाणारी तोंडं किती, पोरी शाळेत जातात का, पाणी किती लांबून आणता, असे पंचवीस प्रश्न. भरलेले फॉर्म त्यानं मुंबईच्या एका संस्थेत पाठवले. तिथं गणितं करणारं यंत्र आलं होतं. कॉम्प्युटर म्हणायचे त्याला.

निकाल पोस्टानं आला. घड्याघड्यांचा लांबलचक कागद, आणि सोबत चिठ्ठी: यंत्राला अकरा मिनिटं लागली.

धर्मपालनं कागद खोलीभर पसरला आणि गुडघ्यांवर बसून वाचू लागला. मुलींची शाळा जमिनीच्या कमी-जास्तीनं सुटत नव्हती, बापाच्या शिक्षणानंही फारशी नाही. जितकं पाणी लांब, तितक्या मुली घरी. हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. पाण्याचा प्रश्न तर फॉर्मवर जागा उरली म्हणून घातलेला. अठराशे उंबऱ्यांवर जणू कुणीतरी एकाच वेळी उभं राहून आत पाहिलं होतं.

रविवारी तो कागद घेऊन गावी गेला. मोठी बहीण मैना अंगणात तूर पाखडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हे मशीननं सांगतलं?"

"हो, ताई."

"आन् पाटलाची विहीर आपल्या घरापासून कितीक दूर हाये?"

"असेल पन्नास पावलं."

"मंग मी नाल्यापल्याडून पानी काहून आनत होती? ते लेहेलं का तुनं?"

पाटलाच्या विहिरीवर आपल्या बौद्धवाड्यानं जायचं नाही, हे धर्मपालला जन्मापासून ठाऊक होतं. म्हणूनच ते विचारायचं सुचलं नव्हतं. मैना दुसरीतून घरी बसली तेव्हा तो पहिलीत होता.

तो पुन्हा घरोघर फिरला. या वेळी दोनच प्रश्न होते: सगळ्यांत जवळची विहीर किती लांब, आणि तुम्ही भरता ती किती लांब. मैना सोबत गेली. बाया तिच्याशी मोकळं बोलत.

ती उत्तरं मुंबईला पाठवल्यावर चार महिन्यांनी दुसरा कागद आला. तो त्यानं मैनाच्या अंगणातच उघडला. दोन अंतरांत जिथं जास्त फरक, तिथं मुली शाळेत जवळपास नव्हत्याच. मैनाला आता वाचता येत नव्हतं. तिनं त्याचा हात धरला. "कुठं लेहेलं हाये? बोट ठेव."

त्यानं तिचं बोट त्या आकड्यावर ठेवलं. "जवळची विहीर बंद, म्हणून घरी बसलेल्या तीनशे बारा पोरी."

"तीनशे बारा?" ती कागदाकडे पाहत राहिली. "मले वाटे, मी एकलीच."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि त्याला गाववार वाचायला सांगितलं. तो वाचत गेला. प्रत्येक गावाच्या नावाला ती मान हलवत होती.