मंडळीच्या कपाटातली नंबरपेटी

मी चष्म्याचा नंबर काढायची पेटी बोलतेय. बोलतेय म्हणजे लोखंडी कपाटाच्या आतून बोलतेय. आवाज दबका आला तर सांभाळून घ्या.

माझं अंग सागवानी, दीड हात लांब. आत निळी मखमल, मखमलीत खाचा आणि खाचांमध्ये दोनशेवर गोल काचा, प्रत्येक नंबराच्या दोन-दोन. सोबत एक बिनकाचांचा जड चष्मा. तो माणसाच्या नाकावर चढवायचा, त्यात माझ्या काचा एकेक सरकवायच्या आणि विचारायचं, "दिसतंय का?" तो चष्मा नाकावर बसला की भल्याभल्यांचा रुबाब उतरतो. पोलीसपाटील आणि त्याचा सालदार गडी एकसारखेच बावळट दिसतात. माणसामाणसातला भेद मिटवण्याचं हे काम माझ्याइतकं सहज कुणालाच जमलेलं मी पाहिलं नाही.

माझा जन्म परदेशातला. तिथून बोटीने मुंबई, रेल्वेने धुळे आणि पुढे बैलगाडीने शिंदखेडा तालुक्यातलं एक गाव. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते अजून हयात आहेत आणि दर रविवारी माझ्यासमोर बसतात.

त्या गावात तेव्हा मिशनचा दवाखाना होता. डॉक्टरीणबाई परदेशी. लोक त्यांना मिसीबाई म्हणत. त्यांनीच मला आणवलं होतं. पण त्यांच्याकडे बाळंतिणींची गर्दी, म्हणून त्यांनी मला कंपाउंडर लोटन नानांच्या हवाली केलं. लोटन नाना इथलेच, ख्रिस्ती घरातले, सातवी शिकलेले. मिसीबाईंनी त्यांना सहा महिने शिकवलं. मग एक दिवस नाना नंबर काढत असताना त्या मागे उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "लोटन, हे मी तुला शिकवलं नाही. हे देवाने तुला दिलं आहे. लोकांसाठी दिलं आहे, लक्षात ठेव."

काय होतं ते? नानांना ऐकू येत असे. म्हणजे कान सगळ्यांनाच असतात. पण डोळे तपासून घेणारा माणूस खोटं बोलतो, हे फार थोड्यांना कळतं. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतो, आपण अडाणी ठरू म्हणून बोलतो, घरी जायची घाई असते म्हणूनही बोलतो. नाना उत्तर ऐकत नसत, उत्तराआधीची गप्प वेळ ऐकत. "दिसतं" म्हणायला माणसाने किती वेळ घेतला, यावरून त्यांना पुढची काच कुठली ते कळायचं.

ज्यांना अक्षरं येत नसत त्यांच्यासाठी नानांची एक सुई होती. सुंदरबाई नावाची गोधड्या शिवणारी म्हातारी आली होती, ती मला अजून आठवते.

"अक्का, आते दिसस का?"

"दिसस ना भाऊ, बठ्ठं दिसस!"

"मंग हाई सुईमा दोरा टाक."

म्हातारीने दोरा चार वेळा हवेतच ओवला. मग म्हणाली, "तुन्हं तोंड दिसस भाऊ, नेढं दिसस नही."

"मन्हं तोंड दखीसन काय गोधडी शिवशी?" नानांनी काच बदलली. दोरा नेढ्यातून सरळ गेला. म्हातारी सुईकडे पाहतच राहिली. नानांनी चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. ती चिठ्ठी घेऊन लोक धुळ्याला जात आणि चष्मा करून आणत. शिंपी, मास्तर, गोधड्या शिवणाऱ्या बाया, तांदूळ निवडणाऱ्या सासवा, सगळ्यांच्या चिठ्ठ्या माझ्यातून गेल्या. मला वाटायचं, आपलं आयुष्य असंच जाणार. काचेला एवढी अक्कल पुरते.

सहासष्ट साली मिसीबाई मायदेशी परत गेल्या. दवाखाना बंद झाला. खाटा एका दवाखान्याने नेल्या, औषधं दुसऱ्याने. मी मंडळीच्या वाट्याला आले. मंडळी म्हणजे गावातल्या ख्रिस्ती लोकांची सभा. तिचे पाच पंच, आणि पंचांचे चिटणीस पितांबर गुरुजी.

पितांबर गुरुजी निवृत्त शिक्षक. सज्जन माणूस. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुमचा गैरसमज होईल. त्यांनी आयुष्यात कुणाची काडी उचलली नाही. त्यांचं दुःख वेगळंच होतं. आपल्या हातून काही मोडेल, ही भीती. शाळेतला पृथ्वीचा गोल त्यांनी एकवीस वर्षं कापडात गुंडाळून ठेवला होता. मुलांनी पृथ्वी कधी पाहिली नाही, पण पृथ्वीला ओरखडा आला नाही.

पंचांची सभा भरली. ठराव झाला: ही पेटी मिशनची ठेव आहे, तिला कुणी हात लावू नये, ती जशीच्या तशी राहावी. लोटन नाना म्हणाले, "गुरुजी, मंगळवारच्या बाजारात लोक विचारतात. मी घेऊन बसत जाऊ का?"

"आणि काच फुटली तर? मिसीबाईंना काय तोंड दाखवायचं?"

"मिसीबाई काही आता परत येत नाहीत."

"नाना, मालक लांब गेला म्हणूनच चाकराची परीक्षा असते." गुरुजींनी कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

मंदिराच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वेदीमागच्या खोलीतलं ते कपाट. सोबतीला पानं सुटलेली गायनाची पुस्तकं, नाताळची कागदी चांदणी आणि दांडी तुटलेला एक प्याला. कपाट ओल्या भिंतीला टेकलेलं. आत उजेड नाही. काचेला उजेड नसेल तर ती काच आहे की दगड, हे तिचं तिलाही कळत नाही. बाहेरचे आवाज मात्र सगळे यायचे. गाणी, प्रार्थना, तान्ह्या पोरांचं रडणं. बाजारात आलेली एखादी बाई मंगळवारी खिडकीतून नानांचा पत्ता विचारायची, "डोया तपासणारा भाऊ कथा शे?" आणि साफसफाई करणारा भटू सांगायचा, "ते बंद झालं माय."

वर्षातून एकदा मला बाहेर काढत. ती तऱ्हा ऐका.

सुगीनंतर आमच्या मंडळीत कारभारीपणाचा रविवार पाळतात. देवाने ज्याला जे दिलं ते त्याने इतरांसाठी वापरावं, असा त्या दिवसाचा विषय. त्या दिवशी गुरुजी मला पुसून वेदीसमोरच्या टेबलावर ठेवत, झेंडूचा हार घालत आणि शास्त्रातला तो दाखला वाचत: धनी परगावी जाताना चाकरांकडे ठेव देतो, दोघे ती कामाला लावतात आणि तिसरा भिऊन जमिनीत पुरून ठेवतो. मग गुरुजी उपदेश करत. त्या तिसऱ्या चाकराची ते अशी खरडपट्टी काढत की बायकांना त्याची दया येई. "पुरून ठेवलं! धन्याने विश्वासाने दिलं आणि याने पुरून ठेवलं!" असं म्हणताना त्यांचा हात माझ्या झाकणावर असे. उपासना संपली की हार काढून मला परत कपाटात. कुलूप. दोनदा ओढून.

नऊ वर्षं हे चाललं. एकदाही कुणी हसलं नाही.

सत्तरच्या सुमाराला नाना एकदा कपाटाच्या खोलीत गुरुजींशी बोलत होते. आवाज नेहमीचाच, शांत.

"गुरुजी, मी धुळ्याला जाऊन आलो. मला काचबिंदू आहे. दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली तेव्हाच मला समजलं होतं. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती तीन-चार वर्षं राहील, असं डॉक्टर म्हणाले."

"अरेरे! आपण प्रार्थना करू."

"करू. पण त्याआधी पेटी द्या. माझी सून झुंबर हुशार आहे. मला दिसतंय तोवर तिला शिकवतो. माझ्यानंतर हे येणारं या पट्ट्यात कुणी नाही."

गुरुजींनी कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. "सभेत ठेवतो," म्हणाले.

सभेत ठेवलं. पहिल्या सभेला पंच पुरले नाहीत. दुसरी मंदिराला पांढरा रंग द्यावा की पिवळा यात संपली. तिसऱ्या सभेत सर्वांनी नानांच्या डोळ्यांसाठी कळकळीने प्रार्थना केली आणि विषय पुढे ढकलला. मग दुष्काळ पडला, लोक कामाला बाहेर गेले, सभाच भरेना. मी आत मोजत होते. नानांच्या पावलांचा आवाज बदलला. आधी ते येत, मग भिंत चाचपत येत, मग झुंबरबाईचा हात धरून.

पावसाळ्यात भिंतीची ओल माझ्या मखमलीत आली आणि काचांवर बुरशीची जाळी धरू लागली. बाहेर त्यांची नजर जात होती आणि आत माझी. दोघांच्या मध्ये एक कुलूप होतं, आणि ते अतिशय चांगल्या कंपनीचं होतं.

पंचाहत्तर साली धुळ्याहून नवे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आले. तरुण. कारभारीपणाच्या रविवारी ते ऐनवेळी म्हणाले, "गुरुजी, तो दाखला सगळ्यांना पाठ आहे. आज दुसरा भाग वाचा." आणि पान उघडून पुस्तक गुरुजींच्या हातात दिलं.

गुरुजी उभे राहिले. पुस्तक जवळ घेतलं, लांब नेलं, खिडकीकडे वळवलं. मी टेबलावर, गळ्यात हार. तेव्हा मला कळलं की या माणसाने गेली कित्येक वर्षं तो दाखला वाचलेलाच नाही, पाठ म्हटलाय. गुरुजींची नजर घारीची, अशी गावभर ख्याती होती आणि ती त्यांनीच पसरवली होती. नंबर काढावा तर गावात पेटी एकच, आणि तिला कुणी हात लावू नये हा ठराव त्यांच्याच अक्षरात.

"आज जरा घसा..." गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या ओळीतून नाना उठले. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. पण ती गप्प वेळ त्यांनी ओळखली. तीस वर्षं त्यांनी दुसरं काय ऐकलं होतं?

"झुंबर, मला टेबलापाशी ने."

त्यांनी हार बाजूला केला, झाकण उघडलं. बोटं खाचांवरून चालत गेली, एकदाही अडखळली नाहीत. बिनकाचांचा चष्मा गुरुजींच्या नाकावर बसला. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

"गुरुजी, दिसतंय?"

"हो, हो. छान."

"खरं सांगा. इथे मार्क कापत नाहीत."

"...नाही दिसत."

नानांनी अडीच नंबरच्या दोन काचा घातल्या. "आता?"

"अक्षर मोठं झालं. पण सगळं धुक्यातून दिसतंय. डोळ्यात काही वाढलंय का हो, नाना?"

झुंबरबाईने वाकून पाहिलं. "नाना, काचेवर जाळी धरलीय. पुसली तरी निघत नाही."

"धुकं काचेवरचं आहे, गुरुजी," नाना म्हणाले. "तुमचे डोळे चांगले आहेत."

एवढंच म्हणाले. टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, गुरुजींना उत्तर देता आलं असतं.

मग नानांनी दोन नंबरच्या काचा घातल्या आणि त्यांच्यापुढे अर्ध्या नंबरच्या. "अडीच खराब झाली तर दोन आणि अर्धा मिळून काम होतं. वाचा."

गुरुजींनी वाचलं. ज्याला जे दान मिळालं त्याने ते एकमेकांच्या सेवेला लावावं, अशा अर्थाच्या चार ओळी. पहिलीतल्या पोरासारखं, बोट ठेवून, एकेक शब्द. उपदेश त्यांनी केला नाही. उपासना संपल्यावर मला उचललं, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. माझी आशा संपली. फक्त कुलूप त्यांनी ओढून पाहिलं नाही, हे मला जरा चमत्कारिक वाटलं.

मंगळवारी कपाट उघडलं.

ठराव बदलला नव्हता. गुरुजींनी त्याला एक कलम जोडलं होतं. दर मंगळवारी दहा ते बारा, मंदिराच्या ओट्यावर, चिटणिसांच्या देखरेखीखाली. गुरुजी खुर्ची टाकून किल्ली मुठीत धरून बसले. पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही. नऊ वर्षांत लोक विसरले होते.

नानांनी वेळ फुकट घालवला नाही. बिनकाचांचा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवला आणि म्हणाले, "झुंबर, माझ्यावर हात बसव. या डोळ्यांचं आता काही बिघडायचं राहिलं नाही. काच पापणीला लागली नाही पाहिजे. आणि विचारत जा."

झुंबरबाईने काच घातली. "नाना, ही बरी की..."

"अगं, विचार. माणूस समोर बसलाय."

"ही बरी, की ही बरी?"

"दोन्ही सारख्या. पुढची घाल."

पाव नंबरापासून वीसपर्यंत ती सगळ्या काचा घालत गेली आणि प्रत्येक वेळी नाना खरं उत्तर देत गेले. गुरुजी बघत होते. बारा कधीच वाजून गेले होते.

आता दोन वर्षं झाली. झुंबरबाई काचा बदलते, नाना शेजारी बसून लोकांच्या गप्प वेळा ऐकतात आणि चूक झाली की तिच्या पाठीवर बोटाने टकटक करतात. ओट्यावर रांग लागते. चौदा काचा बुरशीने कायमच्या गेल्या. त्यांच्या खाचा रिकाम्या आहेत. एक मात्र फुटली, ती खुद्द गुरुजींच्या हातून. ते घाबरून नानांकडे पाहत राहिले. नाना म्हणाले, "कामात फुटली. चालायचंच."

मी सुखी आहे असं म्हणणार नाही. मंगळवारचे दोन तास सोडले तर मी अजून इथेच असते, ओल्या भिंतीशी, कागदी चांदणीच्या शेजारी. आज गुरुवार आहे. मघाशी खिडकीशी एक बाई येऊन गेली. वरपाड्याहून चालत आली होती. भटूने सांगितलं, "मंगयवारे ये माय." ती म्हणाली, मंगळवारी तिला मजुरीवर जावं लागतं.

गुरुजी, तुम्ही रविवारी माझ्यासमोरच बसता, म्हणून सांगते. हार नको, टेबलही नको. फक्त आठवड्याला वार सात असतात, एवढं सभेत ठेवा.