विमानाच्या पोटाचा रंग

खोकं माळ्यावरून खाली आलं तेव्हा ते सुंदरमामांपेक्षाही लांब निघालं. एक टोक हरिणीने धरलं, दुसरं मामांनी, आणि खाली उभ्या अलमेलुमामी ओरडत राहिल्या, "पाडा! एकदाचं पाडा आणि पाय मोडून घ्या दोघं!"

खोक्यात विमान होतं. म्हणजे विमान व्हायचं होतं. आत होत्या पापडासारख्या हलक्या लाकडाच्या शेकडो पट्ट्या, तारा, बिजागऱ्या आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. सगळं नीट जोडलं की चार मीटर पंखांचं, बिनइंजिनाचं ग्लायडर होणार होतं. वाऱ्यावर तरंगणारं, आणि जमिनीवरून हातातल्या रिमोटने वळवायचं.

मामांच्या साठीच्या शांतीला त्यांच्या मुलाने, विष्णुवर्धनने, ते परदेशातून पाठवलं होतं. कॉलेजात एनसीसीत असताना मामा एकदा खऱ्या ग्लायडरमध्ये बसले होते, सात मिनिटं. त्या सात मिनिटांची गोष्ट कुंभकोणममधल्या प्रत्येक नातेवाइकाने किमान सात वेळा ऐकली होती. तरी खोकं चार वर्षं माळ्यावरच राहिलं. रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, मग ते बंद करायचं काम होतं, मग नुसताच आळस होता.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणाच्या सुमाराला, डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांतला दाब वाढलाय. जी नजर गेली ती परत यायची नाही, उरली आहे ती थेंब घालून जपायची. मामा घरी आले, थेंब घातले, आणि बहिणीच्या मुलीला हाक मारली.

"हरिणी, खोकं काढू. उडताना पाहायचंय मज. एकदा. मग डोळ्यांचं काय व्हायचं ते होवो."

हरिणी अकरावीत होती. गेल्या वर्षीपर्यंत तिचा आवाज वर्गातल्या मागच्या बाकालाही माहीत नव्हता, कारण ती स्वतः मागच्या बाकावर बसायची आणि तोंड उघडायची नाही. आणि आता? परसातलं जुनं दार काढून दोन स्टुलांवर आडवं टाकलं, त्यावर विमानाचा नकाशा पसरला, आणि रोज शाळा सुटली की ती त्या दारापाशी. पंखाच्या बरगड्या कापायच्या, टाचण्यांनी रोवायच्या, गोंदाचा थेंब, मग थांबायचं. पहिल्या महिन्यात तिने अकरा बरगड्या मोडल्या. दुसऱ्या महिन्यात एक. तिसऱ्या महिन्यात तिने शाळेच्या विज्ञान मेळाव्यात पंखावर वारा कसा उचल देतो ते तीनशे पोरांसमोर तमिळमध्ये असं काही समजावलं, की मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या. तेव्हापासून हरिणीचं तोंड मिटेना.

"आधी बोलत नव्हती म्हणून काळजी," अलमेलुमामी म्हणायच्या. "आता बोलते म्हणून काळजी."

पुस्तकातली अक्षरं बारीक होती. ती मामांना दिसत नसत, म्हणून हरिणी मोठ्याने वाचायची आणि मराठीत सांगायची. मामा डोळे मिटून ऐकायचे, मग बोटांनी लाकूड चाचपायचे आणि बरोबर जागेवर थांबायचे. "इथे अर्धा मिलिमीटर उंच आहे. घास." ती घासायची. मामांचा एकच नियम होता: "नीट वाच ग. एक ओळसुद्धा गाळू नको."

आणि तिने खरंच गाळली नाही. मार्गळीपर्यंत.

मार्गळीत, पोंगलच्या आदल्या महिन्यात, सांगाडा पुरा झाला. बरगड्यांतून उजेड आरपार जाई. मामी येताजाता थबकून बघायच्या आणि बघितलं नाही असं दाखवायच्या. आता त्यावर रंगीत फिल्म चढवायची होती, म्हणजे पातळ प्लास्टिक, जे इस्त्री फिरवली की ताणून चिकटतं. मामांनी चेन्नईहून गुंडाळ्या मागवल्या. पांढरी, पिवळी आणि एक काळी कुळकुळीत.

"काळी कशाला?" हरिणी म्हणाली.

"पोटाला. खालच्या बाजूला सगळी काळी."

"मामा! कावळा होईल त्याचा!"

"होऊ दे."

तिच्या डोळ्यांसमोर मात्र दुसरंच होतं. वर पांढरं, खाली पांढरं, टोकांना हळदीसारखं पिवळं. शेतातून उठणारा बगळा. जननीला, तिच्या मैत्रिणीला, तिने तसं चित्र काढून पाठवलंही होतं आणि साऱ्या वर्गाने ते पाहिलं होतं.

"पुस्तकात काय लिहिलंय रंगाचं?" मामांनी विचारलं.

हरिणीने पान उलटलं. तिथे स्पष्ट छापलं होतं: खालची बाजू गडद ठेवा, उंचावर विमान डोळ्यांना सापडायला हवं.

"आवडेल तो लावा, म्हणतात," ती म्हणाली.

मामांनी पुस्तकाकडे मान वळवली. तेवढ्याने खात्री पटेना म्हणून तिने स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "मामी, पोंगलला पहिल्यांदा उडवायचं, आणि मामा त्याला काळं नेसवतायत!"

बस्स. महाराष्ट्रातले लोक म्हणे संक्रांतीला हौसेने काळं नेसतात. पण तंजावरकडच्या मराठी घरांनी तीनशे वर्षं तमिळ शेजारात काढलेली. इथे सणाला काळं म्हटलं की मामींसारखी बाई हातातला डाव टाकून बाहेर येते.

"काळं? सणाचं? नव्या वस्तूला? अय्यो, तुम्हाला कळतं का काही? पोरीला कळतं, तुम्हाला कळत नाही!"

हरिणीचा या काळ्याबिळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. मागच्याच महिन्यात ती काळा कुर्ता घालून लग्नाला गेली होती आणि त्यावरून मामींशी तासभर भांडली होती. पण आज मामींचा विश्वास तिच्या कामाचा होता. तिने मान खाली घालून, अगदी शहाण्या मुलीसारखी, पांढरी गुंडाळी उचलली.

मामांनी काळ्या गुंडाळीवर एकदा हात फिरवला. "सरि," ते म्हणाले. "तुझ्या मनासारखं कर."

काणुम पोंगल, सणाचा शेवटचा दिवस, म्हणजे सगळ्यांनी घराबाहेर पडायचा दिवस. जननीच्या वडिलांचं इन्नंबूरला शेत होतं, त्यातल्या तीन तुकड्यांची कापणी लवकर उरकली होती. विमानाचे पंख काढून ते मालवाहू रिक्षात घातलं, मामी चित्रान्नाचा डबा मांडीवर घेऊन पुढे बसल्या, आणि शेतात पोचेपर्यंत मागे गावातली वीसेक पोरं जमली.

पांढऱ्याशुभ्र पंखांवर मामींनी हळदकुंकवाचं बोट टेकवलं. नाकापुढे लिंबू ठेवलं. मामा पांढरा शर्ट घालून, नवा चष्मा लावून, बांधावर उभे राहिले, ताठ, एनसीसीत उभे असावेत तसे.

शंभर पावलांवर खुंटी ठोकून रबराचा लांब दोर बांधला होता. तो ताणून त्याची कडी विमानाच्या पोटाच्या आकड्यात अडकवली. जननीने विमान डोक्यावर धरलं. रिमोट हरिणीच्या गळ्यात.

"सोड!"

विमान उडालं नाही, ओढलंच गेलं वर, पतंगासारखं, सरळ, नाक आभाळात. मग दोर आपोआप सुटला आणि अचानक सगळं शांत झालं. चार मीटरचे पंख. इंजिन नाही, आवाज नाही. हरिणीने अंगठा जरासा डावीकडे नेला आणि तिकडे वर, नारळांच्याही वर, ते डावीकडे कललं. तिच्या अंगठ्याने! ती किंचाळली. पोरं किंचाळली. तापलेल्या शेतावरून वर जाणारा वारा पंखांखाली आला आणि विमान उतरायच्या ऐवजी चढू लागलं. तिला वाटलं, यापुढे आयुष्यात तिला कशाचीच भीती वाटणार नाही.

"मामा! पाहताय ना?"

"पाहतोय ग! वा! काय वळतंय!"

तिने एक क्षण नजर खाली आणली, मामांचा चेहरा बघायला.

मामा हसत होते. कपाळावर हाताचा आडोसा धरून, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. आणि पाहत होते पूर्वेला. विमान पश्चिमेला होतं.

हरिणीने विमान वळवून पूर्वेला आणलं. तोवर मामांनी मान दक्षिणेकडे फिरवली होती, कारण तिकडून पोरं ओरडत होती. वर पौषातलं फिकट, दुधी आभाळ पसरलं होतं आणि त्यात दुधात साखर पडावी तसं पांढरं विमान. ते तिला दिसत होतं, पोरांना दिसत होतं.

काळी कशाला, तिने विचारलं होतं.

तिने विमान खाली आणलं. खूप खाली, बांधाच्या सरळ रेषेत, मामांच्या डोक्यावरून. पंखांची शीळ वाजली. मामांनी झटकन वर पाहिलं, पण तोवर ते निघून गेलं होतं. तिने पुन्हा आणलं. पुन्हा शीळ, पुन्हा उशीर. तिसऱ्या खेपेला जननी ओरडली, "अग, आदळेल!" आणि हरिणीने कापलेल्या धानाच्या खुंटांवर विमान टेकवलं. ओरखडाही उमटला नाही. सगळे टाळ्या वाजवत होते.

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोटभर पाहिलं, पोरी. पोटभर."

रिक्षात मामा ती सात मिनिटांची गोष्ट पुन्हा सांगत होते. हरिणी बाहेर शेतांकडे बघत होती. मामींनी दोनदा तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

चार दिवस तिने स्वतःला समजावलं की मामांना थोडं तरी दिसलं असेल. पाचव्या दिवशी ती पुस्तक घेऊन मामांसमोर बसली आणि ते पान वाचलं. सगळं. खालची बाजू गडद ठेवा. डोळ्यांना सापडायला हवं.

"हे तेव्हाही लिहिलेलं होतं," ती म्हणाली. "मी गाळलं. तुम्हाला काहीच दिसलं नाही ना मामा?"

मामांनी थेंबांच्या बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "विष्णूने तिकडे कॉम्प्युटरवर उघडून फोनवर मज सारं पुस्तक वाचून दाखवलं होतं. खोकं काढलं त्याच आठवड्यात."

हरिणीला आधी कळलंच नाही. मग कळलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? खोटं बोलतेस म्हणू? सहा महिन्यांत पहिल्यांदा तू मज नाही म्हणालीस. माझं ऐकत होतीस, आता मज ऐकवायला लागलीस. वाटलं, चालू दे." त्यांनी बाटली बाजूला ठेवली. "आणि वाटलं, दिसेलही. मोठं होतं ना एवढं. चार मीटर."

ती रडली. मामींनी आतून विचारलं, काय झालं, आणि दोघंही एकदम म्हणाले, काही नाही.

काळी गुंडाळी कपाटावर तशीच होती. पांढरी फिल्म सोलायला तिला दोन रविवार लागले, काळी चढवायला तीन. इस्त्री फिरवताना मामी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हरिणीने त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी फिल्मची मोकळी कड हातांनी ताणून धरली, सुरकुती पडू नये म्हणून.

मध्ये मामांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मध्ये जननीच्या आजोबांचं आजारपण. परीक्षा. पंगुनीत, उन्हाळ्याच्या तोंडावर, दोन पेपर बाकी असताना ते पुन्हा इन्नंबूरला गेले, तिघंच. लिंबू नव्हतं, पोरं नव्हती. मामींनी विमान धरलं, पदर खोचून, आणि सोडलं.

विमान वर गेलं. निळ्या आभाळात काळं, धारदार, कोणालाही दिसावं असं.

"दिसतंय?" हरिणीने विचारलं. "खरं सांगा."

मामांनी बराच वेळ पाहिलं. या वेळी बरोबर तिकडेच.

"काळे ठिपके दिसतात," ते म्हणाले. "पण ते ऑपरेशनपासून असेही दिसतात, ग. त्यातलं आपलं कोणतं ते कळत नाही." मग हळूच म्हणाले, "पोंगलला कळलं असतं."

हरिणीचा अंगठा रिमोटच्या काठीवरून घसरला. वर विमानही डगमगलं.

"वाच," मामा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते.

हरिणीने वर पाहिलं. "नारळाच्या झाडांवर आहे. नाक थोडं खाली. आता उजवीकडे वळतंय. नाही, जास्त वळलं, मी जास्त ढकललं. सावरलं. डाव्या पंखाच्या टोकाला पिवळं राहिलंय, तेवढं मी सोललं नव्हतं. खाली येतंय. वारा नाही आज, मामा. फार वेळ नाही टिकणार."

"सरि," मामा म्हणाले. "पुढे."