वस्तीचा नळ

ते १९५८ साल. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दहा वर्षं झाली होती आणि पाचोडला नळ येणार हे नक्की झालं होतं. टेकाडावर टाकी, तिथून उतारानं गावात पाणी आणि शेवटचा नळ धनगरवस्तीवर, असा बेत होता. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. सरपंच तात्यासाहेब माझे सासरे.

उन्हाळ्यात एका ओव्हरसियरनं वेशीजवळच्या दगडावर तांबड्या रंगाची खूण केली. सगळ्या उंच्या तिथूनच मोजायच्या होत्या. गाव आणि वस्ती मोजून झाली, टेकाड राहिलं, तोच त्याची बदली झाली. दगडाला हात लावू नका, असं तो चावडीवर पुरुषांना सांगून गेला. बायकांना कोण सांगणार?

आखाडात गोवराची साथ आली. तांबडा दगड बघून सासूबाई सारजाबाई म्हणाल्या, "आई आपण होऊन वेशीत येऊन बसली, अन् आपण तिला चिखलात ठेवलं!" आम्ही सात-आठ जणींनी चौथरा रचला, दगड वर बसवला, शेंदूर लावला. गोवर ओसरला. पुरुषही जाता-येता हात जोडू लागले.

दिवाळीनंतर सेलूकर नावाचे नवे ओव्हरसियर आले. वहीत 'वेशीजवळचा तांबडा दगड' असं लिहिलेलं. दगड होता, तांबडाही होता. त्यांनी तिथून टेकाड मोजलं आणि चावडीवर सांगितलं, "टेकाड बसकं निघालं. वस्तीला पाणी चढणार नाही. तो नळ रद्द."

वस्तीवरची बानाबाई पुढं बसली होती. कोसभरावरून घागरी वाहून तिच्या सुनेचा गर्भ दोनदा पडला होता. नळ येईपर्यंत तिनं सुनेला माहेरी करमाडला ठेवलं होतं.

"सायेब, माझी मेंढरं टेकाडावरून घरी येताना उतरत्यात का चढत्यात?"

"आजी, मेंढराला पाइप लागत नाही."

लोक हसले.

"व्हय, पण त्याला उतार कळतो. तुमच्या दुर्बिणीला नाय कळत."

मी सासूबाईंना कोपरानं ढोसलं. "आत्याबाई, दगड!"

"गप बस."

बोलायचं म्हणजे आई निव्वळ रंगाचा फराटा होती, हे भर चावडीत कबूल करायचं. बानाबाई उठून चालू लागली. तशा सासूबाई पदर सावरून उभ्या राहिल्या.

"सायेब, तो दगड आम्ही उचललाय. आखाडात."

"किती उचलला?"

त्यांनी मांडीवर हात ठेवला. "इथपस्तोर."

"अगं, सरकारी दगड तो!" तात्यासाहेब ओरडले.

"मग घरी येऊन सांगायचं होतं. जेवताना लई बोलता की!"

सेलूकरांनी चौथरा मोजला. अडीच फूट. दगड वर गेल्यानं टेकाड तेवढंच कमी भरलं होतं; त्याच्या उंचीत त्यांनी तेवढी भर घातली आणि वस्तीचा नळ पुन्हा नकाशावर काढला.

"चौथरा पाडू का?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"राहू द्या. फक्त आणखी वर नेऊ नका."

दोन वर्षांनी पाणी आलं. तात्यासाहेब पुढच्या निवडणुकीत पडले आणि जन्मभर त्याचा दोष त्या चौथऱ्याला देत राहिले. सेलूकर नांदेडकडं बदलून गेले. दिवाळीला त्यांचं पत्र यायचं, त्यात देवीची खुशाली विचारलेली असायची. सासूबाई बहात्तरच्या दुष्काळानंतर गेल्या. मी अजून इथंच आहे. बानाबाईनं पाणी आल्याच्या आठवड्यात करमाडला बैलगाडी धाडून सून परत आणली. वर्षभरात तिला मुलगी झाली. तिचं नाव सरूबाई, आमच्या सारजाबाईंवरून ठेवलेलं. आता तिची नात शेंद्र्याला कंपनीत जाते.