तीन नंबरची आंघोळ

आगाशीच्या नथू राऊताने सत्तरी उलटेपर्यंत कुणावर हात उगारला नव्हता. माणसावर नाही आणि बैलावरही नाही. त्यामुळे २००४ सालच्या जानेवारीत त्याने बायकोला भरलेला तांब्या फेकून मारला, तेव्हा धोंडूबाईला लागलं कमी आणि नवलच जास्त वाटलं.

विसरणं दोन वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं. नथू मुलाला आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारायचा, कवळी तांदळाच्या डब्यात ठेवायचा. धोंडूबाईने ते चालवून घेतलं. नावं तर तिलाही आठवत नसत. पण आंघोळीचं प्रकरण निराळं होतं. सदऱ्याच्या गुंडीला हात लावला की नथूला वाटे, ही कोण परकी बाई आपल्याला लुटायला आली. मग तो चिमटे काढी, चावायला धावे. आंघोळीला तीन माणसं लागत. सून स्वप्नाली हात धरायची, मुलगा धनेश पाणी ओतायचा आणि धोंडूबाई साबण लावत देवाचं नाव घ्यायची. त्यानंतर धनेश शर्ट बदलून ऑफिसला पळायचा.

रामू न्हाव्याने तर हातच टेकले. दाढी चालू असताना नथूने त्याचं मनगट वस्तऱ्यासकट पकडलं होतं. "काकी, माझ्या तीन पोरी लग्नाच्या हायत," असं म्हणून तो गेला तो महिनाभर फिरकला नाही.

विरारच्या डॉक्टरांनी कागद वाचले, नथूला आजचा वार विचारला, आणि सांगितलं, "हा स्मृतिभ्रंश आहे. शांत राहण्याचं औषध देतो, पण त्याने दिवसभर झोपतील. त्याआधी एक करून बघा. क्षितिजा म्हणून एक मुलगी आहे, अशा पेशंटना गाणी ऐकवते. फरक पडतो बऱ्याच जणांना."

"गानी ऐकून आंघोळ करतील?" धोंडूबाईने विचारलं.

"करतील न करतील. अपाय तर नाही ना काही?"

क्षितिजा पंचविशीची, विरारच्या एका सोसायटीत राहणारी. टेपरेकॉर्डर, कॅसेटींची पिशवी आणि एक फाईल घेऊन ती बुधवारी आली. तिने आधी बासरी लावली. नथूने दोन मिनिटं कान देऊन ऐकलं, मग उठून पलंगाखाली वाकून बघू लागला.

"काय शोधताय, आजोबा?"

"मांजर अडकलंय," नथू म्हणाला. "सोडवा त्याला."

मांजर नाही हे पटवण्यात बासरी संपली. मग क्षितिजाने भजनाची कॅसेट लावली. टाळ सुरू झाले तसा नथूचा चेहरा उतरला. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि धोंडूबाईला हळूच विचारलं, "कोन गेलं?"

"कोनी नाय गेलं."

"मग ही मानसं कशाला जमली?"

कोणी गेलं नाही यावर त्याचा विश्वास बसेना. तो संध्याकाळपर्यंत त्या न मेलेल्या माणसासाठी रडला, आणि मयताला जाऊन आलो म्हणून आपणहून आंघोळ मागितली. धनेशला हा उपाय पसंत पडला होता, पण रोज कुणाला तरी मारायला धोंडूबाई तयार होईना.

क्षितिजाने फाईल उघडली. "आजी, पंधरा ते पंचवीस या वयात ऐकलेलं गाणं माणूस शेवटपर्यंत विसरत नाही. आजोबा तेव्हा काय ऐकायचे?"

"पंचविसाव्या वर्षी ते माझ्या ताब्यात आले. त्याच्या आदलं मना काय ठावं?" धोंडूबाई म्हणाली. "आनि गान्याची त्यांना आवडच नाय. रेडिओ लावला की वाडीत निघून जायचे. कोनाच्या लग्नात बँड वाजायला लागला की हे उठून मागल्या दारी. मानूस कसा कोरडा ठाक."

पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याबद्दल तिला नक्की माहीत होत्या अशा चार गोष्टींमधली ही एक होती. क्षितिजाने ती लिहून घेतली आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्या प्रश्नचिन्हाचा धोंडूबाईला थोडा रागच आला.

पुढच्या रविवारी आंघोळ ऐन रंगात आली होती. नथूच्या पाठीवर साबण, धनेशच्या दंडावर दात, आणि स्वप्नालीच्या हातात सुटलेला टॉवेल, अशा वेळी पलीकडच्या गल्लीतून बँड आला. तिथल्या क्लाराच्या मुलाचं लग्न होतं, वऱ्हाड चर्चकडे निघालं होतं. नथूने धनेशचा दंड सोडला. तो ताठ बसला. त्याचे ओठ हलू लागले, उजव्या पायाचा अंगठा मोरीच्या फरशीवर पडू लागला. तिघंही हात आखडून बघत राहिली. बराच वेळ तसा गेला. मग नथूने दोन्ही हात छातीपुढे आणले आणि एकमेकांवर सणसणीत आपटले. फेस धोंडूबाईच्या डोळ्यात गेला. त्याच क्षणी बाहेर बँडची झांज वाजली.

"बरोबर वाजवली त्यांनी," स्वप्नाली म्हणाली. "बाबांनी आधी मोजलं, आई. मी बघितलं."

नथूचे ओठ पुन्हा हलत होते. तेवढ्यात धनेशने चार तांबे ओतून घेतले. नथूला पत्ताही लागला नाही.

त्या बँडचा जुना मालक, घरच्या ओळखीचा सिप्रियन अजून होता. पंचाहत्तरीचा, दात गेल्यामुळे पितळी कॉर्नेट फुंकणं सुटलेला, पण पोरांना शिकवायला रोज अंगणात बसणारा. स्वप्नाली त्याला रिक्षात घालून घेऊन आली. आंघोळीतली टाळी ऐकून त्याने खाटेवरच्या नथूकडे पाहिलं.

"मारनारच की, हा तर आमचा झांजवाला," तो म्हणाला. "सात वर्षं होता माझ्या बाजूला. हिंदूंची लग्नं, आमची लग्नं, सन, मिरवनुका, सगळीकडे. असा झांजवाला मना परत गावला नाय. झांज वाजवायला अक्कल लागत नाय असं लोकांना वाटते, वयनी. पन ती न वाजवायला अक्कल लागते. साठ साठ मात्रा गप उभं ऱ्हायचं आनि एकदाच मारायचं."

"हे कदी बोलले नाय मना," धोंडूबाई म्हणाली.

"कसा बोलंल? तुझ्या बापानंच अट घातली ना. बँडवाल्याला पोरगी देनार नाय म्हनून."

धोंडूबाईला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. बाप केव्हाच वर गेला होता. नवऱ्याला स्वतःचं नाव आठवत नव्हतं. उरला सिप्रियन. "तुमी तरी सांगायचं," ती त्यालाच म्हणाली. "पन्नास वर्षं इकडून जाता येता, माझ्या घरची सुकेळी खाता. तोंडात बोलायला जागाच नव्हती काय?"

"मना वाटलं तुला ठावं आहे," सिप्रियन म्हणाला आणि त्याने समोरच्या बशीतलं वाळवलेल्या केळ्याचं सुकेळं तसंच ठेवलं.

क्षितिजाने त्याच्या अंगणात बँड बसवून कॅसेट भरून घेतली. बँडवाल्यांत गतींना, म्हणजे वाजवायच्या चालींना, नावं नसतात, नंबर असतात. तीन नंबरमध्ये झांजेला मोठ्या विश्रांत्या होत्या, म्हणून तो आंघोळीला ठरला. नथूच्या हातात दोन पातेल्यांची झाकणं दिली. कॅसेट लागली की तो आपली पाळी कधी येते याकडे जीव लावून बसे, आणि पाळीची वाट बघणारा माणूस भांडत नाही. दोन झांजांच्या मध्ये साबण. पुढच्या दोन झांजांत पाणी. डोकं मात्र शेवटी, कारण झांजेच्या वेळी तो मान मागे टाकी आणि शिकेकाई भलतीकडे जाई. आठवड्याभरात धोंडूबाई एकटीने आंघोळ उरकू लागली. धनेशचे दंड बरे झाले.

दाढीला सात नंबर लागला. त्यात शहाण्णव मात्रांची विश्रांती होती. रामू न्हावी समजूत घालून आणला होता. त्याला धोंडूबाईने बजावलं, "मी मोजते. नव्वद म्हटलं की वस्तरा वर."

पहिल्या दिवशी तिचं मोजणं त्रेसष्टावर चुकलं, कारण रामूने मध्येच विचारलं, "काकी, कल्ले ठेवू का?" ती कल्ल्यांचा विचार करेपर्यंत झाकणं कडाडली. नथू सुखरूप राहिला. रामूची स्वतःचीच अर्धी मिशी गेली. वस्तरा घाईने वर घेताना कुठे जातो हे त्याने पाहिलं नव्हतं. तो उरलेली अर्धी तिथेच, नथूच्याच आरशात उतरवून गेला, पण पुढच्या रविवारी आला. आल्याबरोबर म्हणाला, "आज मी कायपन विचारनार नाय."

संध्याकाळची पाच वाजताची धडपड मात्र राहिली होती. "घरी जातो," म्हणत नथू स्वतः बांधलेल्या घराच्या फाटकाशी झटापट करी. त्या वेळेला सिप्रियन येऊन बसू लागला. दोघांचं बोलणं फारसं नसे. सिप्रियन तोंडाने गत म्हणे, नथू मांडीवर मोजे.

एका संध्याकाळी धोंडूबाई ओट्यावर केळीची पानं पुसत होती. नथू एकदम सिप्रियनला म्हणाला, "म्होरल्या महिन्यापासून मी नाय येनार."

"का रे?"

"मुलगी बघितलीय. तिचा बाप बँडवाल्याला देत नाय."

सिप्रियनने धोंडूबाईकडे पाहिलं आणि मुद्दाम म्हणाला, "मग दुसरी बघ. मुलींना काय तोटा? झांज सोडू नको."

नथूने विचार केला. तो विचार बराच लांबला, मात्रा मोजाव्यात तसा. "नाय," तो म्हणाला. "हीच पायजे."

"एवढं काय आहे तिच्यात?"

"ते नाय सांगता येत. पन झांज काय, कोनीपन वाजवील."

धोंडूबाईने पुसलेलंच पान पुन्हा पुसलं. मग आत जाऊन चहा आणला. सिप्रियनला कप दिला, नथूला बशीत ओतून दिला. नथू परक्या बाईला म्हणावं तसं अदबीनं म्हणाला, "तुमाला कशाला तरास, बाई." ती म्हणाली, "प्या आता, निवेल." त्या दिवसापासून सिप्रियनसमोर पुन्हा सुकेळी येऊ लागली.

नथू बरा होणार नव्हता, आणि झालाही नाही. पुढल्या वर्षी त्याचं चालणं कमी झालं, बोलणं त्याहून कमी. पण मारणं, चावणं परत आलं नाही. झोपवून ठेवायचं ते औषध डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावरच राहिलं.

२००५ साली लोडशेडिंग आलं आणि ते नेमकं आंघोळीच्या वेळेवर बसलं. टेपरेकॉर्डरमध्ये सेल घातले, तर ते संपत आले की तीन नंबर इतका रडका लागे की नथू टोपी काढी. मग एका सकाळी धोंडूबाईने पदर खोचला आणि तोंडानेच कॉर्नेट धरला. वर्षभर रोज ऐकून तिला सगळी गत पाठ झाली होती. स्वप्नालीने बादली पालथी घालून मोठा ड्रम घेतला. शेजारची पॉलिन दारात येऊन बघून गेली. घरी जाऊन तिने आपल्या नवऱ्यालाही बघायला पाठवलं.

नथू झाकणं घेऊन बसला होता. पहिली विश्रांती आली. धोंडूबाई तोंडाने वाजवत होती, एका हाताने त्याच्या पाठीला साबण लावत होती. झांजेची जागा आली. झाकणं वाजली नाहीत.

"काय झालं?" ती थांबून म्हणाली.

आठ दिवसांत एक शब्द न बोललेल्या नथूने तिच्याकडे नापसंतीने पाहिलं.

"दोन मात्रा खाल्ल्यास," तो म्हणाला. "पयल्यापासून घे."

धोंडूबाईने स्वप्नालीकडे पाहिलं, ओठ ओले केले आणि पहिल्यापासून घेतलं.